सात नंबरचं नाव

४ ऑगस्ट

प्रिय पैलाडी,

ओळख पाहू अक्षर! नाही ओळखलंस तर आवाज आठव. टेलिफोन एक्स्चेंजच्या सहा नंबरच्या बोर्डावरून जिने 'नंबर प्लीज' म्हटलं की समोरच्या इमारतीतल्या वकिलाला फोनशिवाय ऐकू जायचं, तीच मी, घंटी. पासष्ट पूर्ण झाली. दोन्ही गुडघे संपावर आहेत, पण गळा अजून कामावर हजर.

तुझा पत्ता मिळवायला मी पेन्शन ऑफिसच्या कारकुनाचं डोकं खाल्लं. म्हटलं, माझ्या शेजारच्या बोर्डावर चार वर्षं बसलेली मुलगी एकेचाळीस वर्षं सापडत नाही म्हणजे काय? शेवटी वैतागून त्याने तुझ्या भावाच्या जुन्या पत्त्यावरून तुझा पत्ता काढला.

कारण असं, की आपली इमारत पाडणार आहेत. बोर्ड, दोऱ्या, हेडसेट केव्हाच भंगारात गेले, आता भिंतींची पाळी. आम्ही उरल्यासुरल्या अकरा जणींनी ठरवलं, पाडायच्या आधी त्याच हॉलमध्ये एक मेळावा घ्यायचा आणि स्मरणिका काढायची. संपादकपदाची माळ अर्थातच माझ्या गळ्यात पडली. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मेळावा आहे. लेकी, नाती, सगळ्यांना घेऊन ये.

सोबत माझा लेख जोडलाय, 'आमची पैलाडी'. तुझा पहिला दिवस अगदी जसाच्या तसा उतरलाय बघ. मोठ्या बाईंनी विचारलं, "कुठची गं तू?" तू म्हणालीस, "नदीपलीकडची." आणि मी मागून ओरडले, "म्हणजे पैलाडी!" अख्खा हॉल हसला, तूही हसलीस, आणि ते नाव तुला चिकटलं ते चिकटलंच. तुझे हात बोर्डावर कसे चालायचे, एका वेळी अकरा दोऱ्या खोचून तू कुणाचं बोलणं कधी तुटू दिलं नाहीस, सगळं लिहिलंय. तुझा तेव्हाचा एखादा फोटो पाठव, पहिल्याच पानावर टाकते.

आणखी एक. मागच्या दारावरचे पहारेकरी काका आठवतात? त्यांनाही शोधून काढलंय मी. ऐंशीच्या पुढे गेलेत, लेकाकडे राहतात. त्यांचा सत्कार करावा असं मीच सुचवलं.

तू मात्र अशी गेलीस की मागे वळून पाहिलं नाहीस. लग्न ठरलं म्हणे, आणि आम्हाला साधी पत्रिका नाही! ते भांडण समोरासमोर करू. लवकर लिही.

तुझी,
घंटी


१३ ऑगस्ट

प्रिय घंटी,

अक्षर ओळखलं. पाकिटावरचंच ओळखलं आणि ते थोडा वेळ तसंच टेबलावर ठेवलं.

मी बरी आहे. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. लेक, जावई आणि नातीबरोबर राहते. कान अजून चांगले आहेत, ऑपरेटरचे ना ते.

लेख दोनदा वाचला. दोऱ्यांचं छान लिहिलंयस. एकच विनंती आहे. त्यातला तो शब्द काढ. शीर्षकातूनही आणि आतूनही. मी मोजला, चौदा वेळा आहे. त्या जागी 'सात नंबर' लिही, नाहीतरी बोर्डावर आपण एकमेकींना नंबरानेच हाक मारायचो.

फोटो नाही माझ्याकडे.

आणि पहारेकऱ्याचा सत्कार होणार असेल तर मी येणार नाही. कारण विचारू नकोस.

गुडघ्यांना जप.

सात नंबर


१९ ऑगस्ट

प्रिय सात नंबर (बघ, ऐकलं तुझं),

चौदा वेळा! लेख वाचलास की हजेरी घेतलीस गं?

खरं सांगते, वाईट वाटलं. मी तो लेख तीन आठवडे खपून लिहिला. सुनेला दोनदा वाचून दाखवला. आणि तुझं उत्तर म्हणजे एखाद्या ऑफिसातून यावं तसं. हे काढा, ते वगळा.

त्या शब्दात काय विष आहे, सांग मला. आपण शाळेत भूगोलाच्या पुस्तकात घोकलाय तो: 'नदीच्या पैलाड राहणाऱ्या लोकांस पैलाडी म्हणतात. हे लोक विणकामात वाकबगार असतात.' सरकारी अर्जावर होता. तुझ्या बाबांच्या दुकानाला सगळं गाव 'पैलाडी घड्याळजी' म्हणायचं, आणि बाबा तोंडभर हसून घड्याळ हातात घ्यायचे. तो शब्द वाईट असता तर सरकारने छापला असता का?

माझा भाचा म्हणतो, मावशी, आता तो शब्द बोलत नाहीत. मी म्हटलं, का रे बाबा, शब्दाला काय साथीचा रोग झाला? काल चांगला होता, आज एकदम वाळीत? मला तुम्ही घंटी म्हणायचात, मी कधी रडले का? प्रेमाने मारलेली हाक शिवी कशी होईल?

'आमची सात नंबर' असं शीर्षक दिलं तर लोकांना बसचा नंबर वाटेल. ते नाव म्हणजे तू आहेस. मला तरी तू दुसऱ्या कुठल्या नावाने आठवतच नाहीस.

काकांचं मात्र कोडं आहे. त्यांनी तुझं काय बिघडवलं? कळव.

तुझीच,
घंटी


३० ऑगस्ट

घंटी,

तुला तुझं नाव तुझ्या आवाजावरून मिळालं. माझं माझ्या आवाजावरून नव्हतं. तुला घंटी म्हटलं तेव्हा तुझ्या आईला कुणी घंटी म्हणत नव्हतं, तुझ्या भावाला म्हणत नव्हतं, घंट्यांना घर मिळणार नाही अशी पाटी कुठे लागली नव्हती.

पैलाड म्हणजे पलीकडे. पण कुणाच्या पलीकडे? आमच्या अंगणातून पाहिलं तर पलीकडे तुम्ही होतात. आम्ही आमच्या बोलीत स्वतःला तिरवळ म्हणतो. तीरावरचे, एवढंच. चार वर्षं शेजारी बसून तू हे कधी विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही, तो दोष माझा.

तुझं एक खरं आहे. तो शब्द सुरुवातीला वाईट नव्हता. माझे आजोबा विणकर, ते भर बाजारात स्वतःच ओरडायचे, "पैलाडी माल! फाटेल पण विटणार नाही!" लोक नाव घेऊन मागायचे. मग कारखान्याचं कापड आलं, माग बंद पडले, आणि आमची माणसं पूल ओलांडून गोदीवर हमालीला आली. तिथला मुकादम सकाळी माणसं मोजायचा. "वीस माणसं आणि आठ पैलाडी." माझे काका त्या आठांत असायचे. मग घरांवर पाट्या आल्या. मग कुणी घाणेरडं राहिलं, कुणी खोटं बोललं की तोच शब्द. तुझ्या आईच्या तोंडून ऐकलाय मी, तुमच्या स्वयंपाकघरात. तुझा धाकटा भाऊ चिखलाचे पाय घेऊन आत आला, त्या म्हणाल्या, "काय पैलाड्यासारखा आलास!" मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी माझ्या बशीत आणखी वाढलं. मी खाल्लं.

शब्द तोच राहिला, आजोबांचाच. पण ज्याने त्याने त्यात आपापलं काहीतरी टाकलं, आणि एक दिवस तो उचलायला गेलं की हाताला घाण लागायला लागली. भूगोलाच्या पुस्तकाला हे कळायला तीस वर्षं लागली. आता अर्जावर तो नाही. आमच्यातली म्हातारी माणसं आपापसात अजून म्हणतात, त्यांना लेक रागावते.

नात बारा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात शाळेतून आली आणि दप्तर न काढताच विचारलं, "आजी, पैलाडी म्हणजे काय गं? वर्गातली एक मुलगी मला म्हणाली आणि सगळ्या हसल्या." मी अर्थ सांगितला. तिने विचारलं, "तुला कधी कुणी म्हटलं होतं?"

मी नाही म्हणाले.

आता तू तो मोठ्या टायपात, माझ्या नावाच्या जागी छापणार, आणि म्हणतेस नातीला घेऊन ये. शब्द काढ. पुन्हा विनंती करणार नाही.

सात नंबर


४ सप्टेंबर

प्रिय सात नंबर,

माझ्या आईला जाऊन नऊ वर्षं झाली. तिला आता उत्तर देता येत नाही, हे लक्षात ठेवून तरी लिहायचं होतंस. तिने तुला कधी परकं मानलं नाही. तुला ताप आला तेव्हा तिने तुला तीन दिवस आमच्या घरी ठेवून घेतलं, ते नाही आठवलं. एक वाक्य तेवढं आठवलं!

लेख छापखान्यात गेलाय. सोळा पानांचा मजकूर जुळवून झालाय. फार तर शब्दाला अवतरण चिन्हं लावायला सांगते. मोठ्या बाईंनाही विचारलं, त्या म्हणाल्या, "त्यात काय झालं? सगळे प्रेमानेच म्हणायचे."

हे सगळं तुझ्या डोक्यात कुणी भरवलंय, याचा अंदाज आहे मला. जावई कॉलेजात शिकवतात असं कारकून म्हणाला होता. शिकलेल्या लोकांना जुन्या माणसांच्या आठवणींत खडे शोधायची हौस असते.

मला एवढंच सांग, तू हसायचीस ते खोटं होतं का? चार वर्षं? एका डब्यात जेवलो आपण. माझ्या पाळीच्या दिवसांत तू माझा बोर्ड सांभाळलास, तुझ्या परीक्षेच्या वेळी मी तुझा. आणि एक दिवस तू आलीच नाहीस. ना चिठ्ठी, ना निरोप. तुझी खुर्ची दोन महिने रिकामी होती, मला शेजारी पाहवायचं नाही. आमच्यापैकी कुणी तुझं काय वाकडं केलं होतं? सांगच आता. मला ऐकायचंय.

घंटी


११ सप्टेंबर

विचारलंस म्हणून सांगते.

हसणं खोटं होतं का? अर्धं. तू हाक मारलीस की अर्धी मी खरंच हसायचे. उरलेली अर्धी नोकरी टिकवायला हसायची.

पुलावरच्या मारामारीत दोन माणसं मेली, त्याच्या पुढचा मंगळवार. भिंतींवर डांबराने 'पैलाडी परत जा' लिहिलेलं. कुठल्या सरकारी ऑफिसात आमचं कोण काम करतं, याच्या याद्या फिरत होत्या. मोठ्या बाईंनी माझ्याच भल्यासाठी मला पुढच्या दाराने ये-जा करायला मनाई केली. मागच्या दाराने, जनरेटरच्या खोलीजवळून ये म्हणाल्या. हे हॉलमधल्या तुम्हा मुलींना ठाऊक होतं आणि दारावरच्या पहारेकऱ्याला. बाबांना दारापासून लांब, कोपऱ्यावरच्या दुकानाशी उभं राहायला सांगितलं होतं. रोज सहाला ते मला तिथून घ्यायचे.

त्या दिवशी एक ट्रंक कॉल लांबला. मी सहा वाजून बारा मिनिटांनी खाली आले. पहारेकरी जागेवर नव्हता. दार आतून कडी घालून बंद. कडी काढली तर बाबा पायरीवर पडलेले. मारणारे पाच-सहा जण होते, ते निघून गेले होते. ती माणसं आधीपासून दाराशीच थांबली होती, कुणाची तरी वाट बघत, असं बाबांनी नंतर सांगितलं. त्यांना तसं पाहून बाबा कोपरा सोडून पुढे आले, म्हणजे मी बाहेर पडले की त्यांच्या हाती लागू नये. त्यातल्या एकाने विचारलं, "पैलाडीला न्यायला आलास ना? सहाला सुटते ना ती?" बाबा नाही म्हणाले. मग त्यांनी बाबांना पाडलं आणि एक जण त्यांच्या उजव्या हातावर उभा राहिला. नुसता उभा राहिला, घंटी. बूट घालून, पूर्ण वजन टाकून.

बाबा अकरा वर्षं जगले. बोटं जुळली, पण चिमटा धरता आला नाही. दुकानातली घड्याळं ज्याची त्याला परत केली.

वेळ त्यांना ठाऊक होती, दार ठाऊक होतं. पहारेकऱ्याशिवाय कोण सांगणार? दादाने तक्रार केली. आठवड्यात पहारेकऱ्याला काढलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आजही त्याचं नाव निघालं की मी उठून आत जाते, आणि तू त्याला हार घालणार आहेस.

लग्न ठरलं नव्हतं. ते चार वर्षांनी झालं. कुणी उठवलं ते, मला ठाऊक नाही.

छाप आता, अवतरण चिन्हं घालून.


९ ऑक्टोबर

घंटी,

चार आठवडे झाले. तुझं पत्र नाही. मेळाव्याची छापील पत्रिका आली, त्यात पहारेकऱ्याच्या सत्काराचा उल्लेख नाही. लेखाचं काय झालं ते कळलं नाही.

ज्या बाईला दोन मिनिटं गप्प बसता यायचं नाही, ती एवढी गप्प का?

सात नंबर


१४ ऑक्टोबर

हे पत्र मी सहाव्यांदा लिहायला घेतलंय. आधीची पाच फाडली. एकात मी रडले होते, एकात स्वतःची बाजू मांडली होती. ह्यात फक्त झालं ते लिहिते.

काकांनी कुणाला काही सांगितलं नाही. मी सांगितलं.

त्या मंगळवारी पावणेपाचला मोठ्या बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. त्या चहाला गेल्या होत्या. त्या फोनला हात लावायची आपल्याला बंदी होती, तुला आठवत असेल. वाजून वाजून थांबेना म्हणून मी उठले आणि घेतला. पुरुषाचा आवाज. चांगला, शांत, सभ्य. म्हणाला, "तुमच्याकडे ती पैलाडी आहे ना कामाला? मी तिच्या घरून बोलतोय. तिला न्यायला किती वाजता येऊ?"

मी म्हटलं, "हो, आहे ना! सहाला सुटते. पुढून नका येऊ, मागच्या दाराने या."

तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, ताई."

तू तेव्हा माझ्या शेजारी दोन हातांवर होतीस, कानाला हेडसेट, कुणाला तरी थांबायला सांगत होतीस. मी परत येऊन बसले. तुला सांगायचंही राहिलं, माझ्या बोर्डावर चार दिवे लागले होते.

घरचं माणूस तुला त्या नावाने कशाला विचारेल? हे शेंबड्या पोराच्याही लक्षात आलं असतं. माझ्या आलं नाही, कारण माझ्या तोंडात तो शब्द म्हणजे तूच होतीस. तो शिवी देत होता आणि मी ती तुझं नाव समजून उत्तर देत होते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी आम्हा सगळ्यांना खिडकीपाशी उभं केलं. "बाहेर कुणी काही बोललंय का?" एकेकीला विचारत आल्या. माझ्यापाशी आल्या तेव्हा मी म्हटलं, "नाही, बाई." बंदी असलेल्या फोनला हात लावला म्हणून नोकरी जाईल, असं मी माझ्या मनाला सांगितलं. ते खरं कारण नव्हतं. आठवड्याने, काढल्यावर, काका किल्ल्या जमा करायला वर आले, तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणाले, "येतो पोरी, सांभाळून राहा." मी मान हलवली.

बाबांना ढकलाढकली झाली, एवढंच कानावर आलं होतं. जास्त कानावर येऊ नये म्हणून मी कुणाला विचारलं नाही. तुझ्या घराचा रस्ता मला तोंडपाठ होता, मी एकदाही गेले नाही. तुझं लग्न ठरलं ही बातमी हॉलमध्ये पहिल्यांदा मीच सांगितली. मुली विचारायच्या, काहीतरी सांगायला हवं होतं. सांगून सांगून मलाच ती खरी वाटायला लागली. पत्रिका न आल्याचा राग सुद्धा यायला लागला, ऐक.

आणि हा लेख. तुझ्यावर माझा जीव होता, ते खोटं नाही. पण तुझं पत्र वाचल्यावर मीही ते चौदा शब्द मोजत बसले आणि मला कळलं. तो शब्द गोड होता असं मला छापून हवं होतं. तो गोड ठरला की मी सुटले. काकांचा सत्कारही त्यासाठीच.

गेल्या आठवड्यात काकांकडे गेले. सांगायचं म्हणूनच गेले. अर्धा तास बसले, तब्येत विचारली, सुनेचा चहा प्यायले आणि परत आले. तोंड उघडलंच नाही. घंटी म्हणे!

लेख छापखान्यातून परत घेतलाय. ती चार पानं रिकामी आहेत. मी मेळाव्यालाही जाणार नाही. तुला जे म्हणायचं असेल ते म्हण. नाही लिहिलंस तरी समजेन.

घंटी


२ नोव्हेंबर

घंटी,

तुझं पत्र आलं त्यानंतर बारा दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. लेकीला वाटलं रक्तदाब वाढला, डॉक्टरकडे घेऊन गेली. तराजूसारखं मन एकदा इकडे, एकदा तिकडे. एका क्षणी वाटायचं, तुला फोन लावावा आणि तुझ्यापेक्षा मोठ्याने ओरडावं. दुसऱ्या क्षणी पावणेपाचचा तो हॉल दिसायचा, आणि चोवीस वर्षांची तू, वाजणाऱ्या फोनकडे धावत निघालेली.

मग दादाचा विचार आला. तो आता नाही. पण तक्रारअर्ज त्याने लिहिला असला तरी मजकूर मी सांगितला होता. एका माणसाची नोकरी मी घेतली होती. म्हणून मेळाव्याच्या पत्रिकेवरच्या नंबरावर पत्ता विचारला आणि तेराव्या दिवशी दोन गाड्या बदलून पहारेकऱ्याच्या, म्हणजे काकांच्या, घरी गेले.

त्यांनी ओळखलं नाही. मी सांगितलं, "सात नंबरवरची. घड्याळजींची मुलगी." ते खुर्चीतून उठायला लागले, लेकाने धरून बसवलं.

मी म्हटलं, "काका, तुमच्यावर आळ आम्ही घेतला. तुम्ही काही सांगितलं नव्हतंत, हे मला आत्ता कळलं. माफी मागायला आलेय."

 ते लेकाला म्हणाले, "तू जरा बाहेर जा." तो गेल्यावर म्हणाले, "पोरी, मी सांगितलं नव्हतं, पण मी पाहिलं होतं. ते सहा जण गल्लीत शिरताना पाहिले आणि दाराला आतून कडी घातली. जनरेटरच्या खोलीत जाऊन बसलो. तुझ्या वडिलांचा आवाज मला ऐकू आला. कडी काढली नाही. मला काढलं तेव्हा माझी बायको म्हणाली, भांडा, तुम्ही काही केलेलं नाही. मी म्हटलं, तेच तर."

आम्ही दोघं तिथे बसून राहिलो. सून चहा घेऊन आली, आम्हाला तसं बघून तशीच परत गेली. निघताना त्यांनी विचारलं, "मग बाहेर सांगितलं कुणी?" मी म्हटलं, "ज्यांनी सांगितलं त्या स्वतः येतील तुमच्याकडे." तुझं नाव घेतलं नाही. ते तू घ्यायचंस. या वेळी चहा पिऊन परत येऊ नकोस.

माफ केलं, असं लिहायला मी दोनदा बसले. हात पुढे जात नाही. बाबांच्या हाताची माफी माझ्या हातात आहे का, तेही कळत नाही. तुझ्यावरचा राग मात्र पहारेकऱ्यावर होता तसा नाही. तो सोपा होता. तू शत्रू असतीस तर बरं झालं असतं.

आता लेखाबद्दल. पानं रिकामी ठेवायची नाहीत. लेख छाप, पण पूर्ण. फोन छाप, खिडकीपाशी उभं केलेलं छाप, काकांच्या किल्ल्या छाप. काकांना कडीचं विचारून घे, ते छाप म्हणाले तर छाप. मोठ्या बाईंना चालणार नाही, त्यांना म्हणावं सात नंबरने सांगितलंय. तो शब्दही आता काढू नकोस. पण एकदाच, त्या माणसाने फोनवर उच्चारला तिथेच. वाचणाऱ्याला कळू दे की सभ्य आवाजात, 'ताई' म्हणत, तो कसा वापरला गेला. बाकी सगळीकडे माझं नाव लिही. ते तुला ठाऊक आहे, हजेरीपटात चार वर्षं तुझ्या खालीच होतं.

मेळाव्याला मी येणार आहे. तूही यायचंस. पण त्याआधी एका रविवारी माझ्याकडे ये, सकाळी. नात घरी असते. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही, तुझी पत्रंही दाखवली नाहीत. ती सरळ विचारते, गोल गोल बोललेलं तिला चालत नाही. तूच सांग तिला. मी शेजारी बसेन, पण मध्ये बोलणार नाही.